एरिओडर्मा पेडिसेलॅटम आणि एरिओडर्मा मॉलिसिमम या लायकेनमध्ये (बुरशी आणि तिचा जोडीदार सूक्ष्मजीव मिळून बनलेला जीव) फरक काय, आणि जास्त धोक्यात कोणतं?

फरक भिंगातून दिसतो, डीएनए वगैरे लागत नाही. पेडिसेलॅटमवर बीजाणूंच्या लालसर तपकिरी बारक्या वाट्या असतात आणि कडा वर वळून खालची पांढरी बाजू दिसते. मॉलिसिममवर वाट्या जवळपास नसतातच, कडेला आणि पाठीवर सोरेडियाची भुकटी, म्हणजे बुरशी आणि जोडीदार दोन्ही असलेले बारीक कण. झालं.

पण "जास्त धोक्यात कोण" म्हटलं की माझं डोकं फिरतं. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात सर्व्हे करायचो तेव्हा एका लाकूडतोड कंपनीचा माणूस सोबत असायचा. एकदा दलदलीकाठी बाल्सम फरच्या खोडावर पेडिसेलॅटम सापडलं, अंगठ्याच्या नखाएवढं, पावसाने भिजून निळसर हिरवं झालेलं, आणि हा बाबा म्हणतो, "न्यूफाउंडलंडमध्ये हे हजारोंनी आहे, याच्यासाठी रस्ता कशाला वळवायचा?" अहो, तिथलं काय उडून इथे येणार का? पेडिसेलॅटमचा बीजाणू एकटाच निघतो, नव्या झाडावर त्याला जोडीदार सायनोबॅक्टेरिया (उन्हावर अन्न बनवणारा जिवाणू) भेटला तरच लायकेन होतं. आणि त्या हजारांचं तरी काय खरं आहे, माणसांनीच तिथे नेऊन सोडलेले मूस (मोठी हरणं) फरची कोवळी रोपं खाऊन टाकतात, म्हणजे आत्ताची झाडं म्हातारी होऊन पडली की पुढे बसायला खोडच नाही. दोघांनाही ॲसिड रेन सोसत नाही ते वेगळंच.

मॉलिसिममची भुकटी जोडीदाराला सोबत घेऊनच निघते, म्हणून ते सेफ असेल असं वाटतं ना? कॅनडात २००९ मध्ये त्यालाही एन्डेंजर्ड ठरवलंय. पेडिसेलॅटम आययूसीएनच्या (जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या) यादीत २००३ पासून क्रिटिकली एन्डेंजर्ड, पण कॅनडात दोन दर्जे आहेत: नोव्हा स्कॉशियाकडचं एन्डेंजर्ड, न्यूफाउंडलंडचं स्पेशल कन्सर्न, म्हणजे त्याहून सौम्य. त्या माणसाने नेमका दुसराच दर्जा पाठ केला होता! त्यामुळे रिपोर्ट लिहीत असाल तर नुसतं प्रजातीचं नाव आणि दर्जा लिहून मोकळे होऊ नका, कुठलं ते ठळक लिहा, नाहीतर असलाच कुणीतरी तो कागद नाचवत करवत चालवेल.

हां, वरची ओळख अटलांटिक कॅनडापुरतीच धरा. मॉलिसिमम युरोपात आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतही आहे, आणि अँडीजमध्ये एरिओडर्माच्या इतर प्रजाती भरपूर, तिथे नुसत्या भुकटीवरून नाव ठोकू नका.