लोकाट म्हणजे लकुच नव्हे

प्रश्न असा आला आहे : ‘लोकाट या फळाचं मराठी नाव लकुच का? आणि ते खोकल्यावर खरंच चालतं का?’

लकुच वेगळा, लोकाट वेगळं. ‘लोकाट म्हणजे आयुर्वेदातला लकुच’ हे वाक्य आरोग्याच्या व्हिडिओंमधून इतकं फिरतं आहे की ते एखाद्या शब्दकोशातही शिरेल. लकुच फणसाच्या कुळातला. कोकण-गोव्यात त्याला वोटंब म्हणतात आणि त्याची वाळवलेली सोलं आंबटपणासाठी वापरतात. लोकाट गुलाबाच्या कुळातलं, सफरचंद-नासपतीचं भावंड. ल आणि क जुळले एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नसते. शिवाय चरकसंहितेच्या सूत्रस्थानात फळांमधलं सर्वांत अपथ्य म्हणून निकुचाचं, म्हणजे लकुचाचंच नाव आहे. लोकाटाचे गुण गाणाऱ्यांनी तेवढं तरी वाचायला हवं होतं.

शब्द आला दक्षिण चीनमधून. कँटन बंदराकडच्या कँटनी भाषेत तो ‘लोउ-ग्वात’. यातला ‘लोउ’ काळ्या रंगाचा आणि ‘ग्वात’ संत्र्याच्या जातीचं छोटं फळ. कमक्वाट या छोट्या संत्र्यासारख्या फळाच्या नावातला क्वाट हाच. ‘गाम-ग्वात’ म्हणजे सोनेरी संत्रं. आता शेवटचं व्यंजन पाहा. जुन्या चिनीत शब्दान्ती प, त, क येत. उत्तरेच्या मँडरिनने ते सोडून दिले, म्हणून तिथे हेच नाव ‘लूच्यू’ होतं. कँटनीने ते राखले. लोकाटमधला ट हा त्या जुन्या त-चा वारस आहे, आणि शब्द कुठल्या बंदरातून निघाला हे तो एकटाच सांगतो. 1787 मध्ये हे झाड लंडनजवळच्या क्यू बागेत पोचलं तेही कँटनहूनच. पुढे इंग्रजीतून हिंदीत लुकाट-लोकाट झालं आणि तेच आपण घेतलं. संस्कृत मूळ मांडणाऱ्यांनी या ट-चा हिशेब द्यावा.

खुद्द चीनमध्येही हे नाव मुळात दुसऱ्याच फळाचं. ‘लूच्यू’ म्हणजे कमक्वाट; अकराव्या शतकातला कवी सू शी याच्या ओळींमुळे ते लोकाटाला चिकटलं असं मानतात. तिथलं रोजचं नाव ‘पीपा’, उच्चाराने त्या नावाच्या तंतुवाद्यासारखंच. जपानीत फळही ‘बिवा’ आणि वाद्यही ‘बिवा’.

बागायतीच्या पुस्तकांतलं ‘जपानी मेडलर’ दोन्ही शब्दांत चुकतं. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्गने 1784 मध्ये जपानातल्या वनस्पतींच्या ग्रंथात त्याला ‘जापोनिका’, म्हणजे जपानी, म्हटलं, पण झाडाचं मूळ चीनचं. आणि मेडलर हे युरोपातलं निराळंच झाड. स्पॅनिशमध्येही मेडलरचं ‘निस्पेरो’ हे नाव लोकाटाला मिळालं, आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागांत निस्पेरो म्हणजे आपला चिकू! तिकडच्या पाककृती मराठीत आणणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

खोकल्याचं उत्तर शास्त्रीय नावातच आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडलीने 1821 मध्ये ‘एरिओबोत्र्या’ हे नाव दिलं. ग्रीकमध्ये ‘एरिओन’ लोकर, ‘बोत्रिस’ घोस. लोकरीसारखी लव फुलोऱ्यावर असते, तशीच पानाखालीही. चिनी वैद्यकात खोकल्यासाठी वापरतात ते पान, फळ नव्हे; वाळलेल्या पानांचं प्रमाण दिवसाला 6 ते 10 ग्रॅम. लव ताठर ब्रशने खरवडून पान धुवायचं, चिरून उकळायचं आणि काढा दाट कापडातून गाळायचा. लव राहिली तर ती घशाला टोचते आणि खोकला वाढतो.

फळ ‘सी जीवनसत्त्वाचा खजिना’ आहे हेही चूक. 100 ग्रॅम गरात ते जेमतेम 1 मिलिग्रॅम; खरी श्रीमंती ‘अ’ जीवनसत्त्व देणाऱ्या कॅरोटिनची, शिवाय सुमारे 266 मिलिग्रॅम पोटॅशियम. बिया मात्र चावू नयेत, कुटून चूर्णही करू नये. त्यांतल्या अमिग्डालिन या द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होतं. फळ झाडावरून उतरवल्यावर गोड होत नाही, म्हणून देठापाशी हिरवट दिसणारं घेऊ नये, ते आंबटच राहतं. चिरलेला गर लगेच काळा पडतो. लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकावा.

लिहिताना ‘लोकाट’ लिहा, ‘लुकाट’ही चालेल.