जुन्या लग्नाच्या कॅसेटचा व्हिडिओ १९२० × १०८० च्या प्रोजेक्टमध्ये टाकला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. काय करू?

हा बिघाड नाही. कॅसेटचं चित्र ४:३ (रुंदी:उंची), तुमची टाइमलाइन (एडिटिंगचा प्रोजेक्ट) १६:९. त्यात चित्र १४४० × १०८० एवढंच बसतं आणि दोन्हीकडे २४०-२४० पिक्सेल रिकामे राहतात. कृपा करून ते आडवं ताणू नका, सगळे चेहरे रुंद दिसतील. झूम करून पट्ट्या घालवल्या तर उंचीचा चौथा भाग कापला जातो, मग मुंडावळ्याच फ्रेमबाहेर! मी तर सरळ ४:३ चा प्रोजेक्ट करेन. पट्ट्या नकोशाच असतील तर खालच्या ट्रॅकवर तीच क्लिप मोठी आणि ब्लर करून ठेवा.

चेहरे उभट वाटत असतील तर पिक्सेल आस्पेक्ट रेशो (एका पिक्सेलच्या रुंदी-उंचीचं प्रमाण) तपासा: पाल डीव्हीचं (भारतातल्या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या डिजिटल व्हिडिओचं) ७२० × ५७६ चौरस पिक्सेलमध्ये साधारण ७६८ × ५७६ व्हायला हवं.