जळगावातल्या घरासाठी चांगल्या प्रतीचा पर्शियन गालिचा कसा निवडावा?

नवीन घराच्या हॉलसाठी पर्शियन गालिचा घ्यायचाय आणि फसायचं नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. मी फसलेला माणूस आहे, म्हणून उत्तर देतो.

आमचं घर कापसातलं. गाडी आली की जिनिंगवाला वरचा पांढराशुभ्र कापूस बघतही नसे. कोपरापर्यंत हात खुपसून आतला काढायचा आणि चिमटीत धागा ओढून बघायचा. हे लहानपणापासून बघूनही एका प्रदर्शनात मी 'असली इराणी' ऐकलं, वरून हात फिरवला आणि गालिचा उचलून आणला. तिसऱ्या मे महिन्यात बायकोने तो झाडायला उचलला, तर फरशीवर रव्यासारखी पिवळट भुकटी! खरा पर्शियन गालिचा हाताने एकेक गाठ मारून विणतात, ह्याला एकही गाठ नव्हती. कापडात यंत्राने लोकर टोचून मागून रबरी चिकाने चिकटवली होती. आपल्या ४५ डिग्रीत तो चीक वाळून त्याचा भुगा झाला.

तेव्हा आधी गालिचा उलटा करायला लावा. हाताने गाठी मारलेला असेल तर पाठीवरही नक्षी जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते आणि एकेक गाठ मोजता येते, किंचित वाकडीतिकडी. पाठीला कापड चिकटवलेलं दिसलं तर पुढे बोलूच नका. मग झालर बघा. ती ताण्याचीच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांचीच, सुटलेली टोकं असायला हवी, वेगळी शिवलेली नको. (इराणच्या बऱ्याच गालिच्यांचा ताणा सुती असतो, हे कळल्यावर आम्हा कापूसवाल्यांना उगीच बरं वाटलं.)

किमतीचा अंदाज गाठींवरून येतो. पाठीवर एक इंच उभ्या आणि एक इंच आडव्या गाठी मोजून गुणाकार करा. चौरस इंचाला २०० गाठी धरल्या तर ५ बाय ८ फुटांत साडेअकरा लाख होतात. चांगला विणकर दिवसाला आठेक हजार मारतो, म्हणजे एकट्या माणसाचं जवळजवळ पाच महिन्यांचं काम. असा नवा गालिचा कुणी वीस हजारांत देत असेल तर तो काय देतोय ते समजून घ्या. पण नुसत्या आकड्यालाही भुलू नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला १५३९-४० चा जगप्रसिद्ध अर्दबील गालिचा चौरस इंचाला ३४० च्या आसपास गाठींचाच आहे. रोजच्या वापराला, पोरंबाळं असलेल्या घरात, मी इराणमधल्या बिजारचा जाड, घट्ट ठोकलेला घेईन. तिथल्याच कोम शहरचा रेशमी नाजूक, त्यावर पाय ठेवायचीच भीती.

लोकर तळव्याने जोरात चोळा. कोरडी, मेलेली लोकर लगेच गळते. पांढरा रुमाल ओला करून लाल रंगावर घासा, रंग उतरला तर राम राम. एकाच रंगात फिक्या-गडद पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका, सुताची खेप बदलली की तसं होतं. रेशीम म्हणून दाखवत असतील तर परवानगी घेऊन लवेचे (वरच्या मऊ केसाळ भागाचे) दोन-चार तंतू जाळा: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, नकली व्हिस्कोस कागदासारखं जळतं.

भदोही, मिर्झापूर, काश्मीरचे गालिचेही पर्शियन नक्षीचे असतात आणि त्यांतले काही उत्तम असतात, फक्त इराणी म्हणून पैसे मोजू नका. विक्रेत्याला गाव विचारा: तब्रिझ, काशान, नाईन, इस्फहान? नुसतं 'इराणचा' म्हणाला तर बिलावर लिहून मागा.

आपल्याकडची बारीक धूळ लवेच्या मुळाशी बसून लोकर कापते, तेव्हा दर आठवड्याला झाडा. पावसाळ्यात सोफ्याखालचा भाग उचलून बघा, कसर तिथेच लागते. आणि रावेर-यावलकडचे पाहुणे केळीचे घड घेऊन आले तर ते ओट्यावरच ठेवून घ्या, लोकरीत गेलेला केळीचा चीक काही केल्या निघत नाही.

पैसे देण्याआधी गालिचा दोन दिवस घरी टाकून दिवसाउजेडी बघू द्या म्हणावं. दुकानातल्या दिव्याखाली माझ्या गालिच्याचा लाल रंग फार सुरेख दिसत होता.