लग्नाच्या बँडला स्विंग जमेल का?

प्रश्न : आमची वडिलांपासून लग्नाच्या बँडची पार्टी आहे. मुलगा मोबाइलवर १९३०-४० च्या अमेरिकन बिग बँडची स्विंग गाणी (म्हणजे नाचायचं जॅझ) ऐकतो आणि म्हणतो तसा प्रोग्राम नाट्यगृहात करू, तिकीट लावून. पण पोरं कानानं वाजवतात, नोटेशन कुणालाच येत नाही. लोक बसतील का?
— एक बँडमास्टर, जळगाव जिल्हा

उत्तर : बसतील की मास्टर, फक्त रेकॉर्डची हुबेहूब नक्कल करायला जाऊ नका. तेव्हाची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजायची म्हणून गाणी तेवढीच, स्टेजवर तीच लांबायची, १६ जानेवारी १९३८ ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनच्या बँडनं ‘सिंग, सिंग, सिंग’ बारा मिनिटं वाजवलं आणि त्यात जेस स्टेसीचा पियानो तर आधी ठरलेलाच नव्हता. तेव्हा बांधलेला भाग पक्का पाठ करा आणि मधे तुमच्या क्लॅरनेटवाल्याला मोकळा सोडा, वरातीत तो दुसरं काय करतो? नोटेशनचं म्हणाल तर काउंट बेसीच्या बँडनंही सुरुवातीला कितीतरी गाणी तोंडीच बसवलेली.

खरी मेख स्विंगच्या लयीत आहे. दोन सुरांच्या जोडीत पहिला लांब, दुसरा आखूड, आणि गाणं जलद झालं की हा फरक कमी होत जातो, इथं पोरं घसरणार. ताशा घरी ठेवा, चारही मात्रांवर चालणारा बास (खालच्या सुरांचं वाद्य) मात्र हवाच.

पाच सॅक्सोफोन, तीन-चार ट्रंपेट, तेवढेच ट्रॉम्बोन असा बिग बँडचा साधारण हिशोब असतो. ट्रॉम्बोन नसेल तर युफोनियम या पितळी वाद्यावर भागवा, आवाज जरा मऊ येतो पण चालतं. आणि मोरी तुंबल्यावर वापरतात ना तो रबरी पंप, त्याचा दांडा काढून वाटी ट्रंपेटच्या पुढच्या रुंद तोंडावर उघडझाक केली की वॉ-वॉ आवाज निघतो, ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधले ट्रंपेटवाले हेच करायचे (नवा घ्या म्हणजे झालं). प्रत्येकापुढे माइक नको, गायकाला एक पुरे.

दुसरंच गाणं ओळखीचं ठेवा, ‘अलबेला’ सिनेमातलं ‘शोला जो भड़के’. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र आपल्या पुणतांब्याचे, आणि त्यांच्याबरोबर काम करणारा चिक चॉकलेट मुंबईतला नावाजलेला जॅझ ट्रंपेटवाला. स्टेजसमोरची जागा रिकामी ठेवा, हे मुळात नाचायचं संगीत आहे आणि खान्देशातल्या माणसाला बँडपुढे नाचायला शिकवावं लागत नाही भो.

तालीम चातुर्मासात लावा, सुपाऱ्या नसतात. लग्नसराईत रात्री बाराला घरी पोचलेली पोरं तुमचा स्विंग काय बसवणार?