कावीळ कोणत्या कपाटात?

प्रश्न: मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. ड्यूई दशांश पद्धतीने लावलेली पुस्तके आम्ही आता अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या, म्हणजे एनएलएमच्या वर्गीकरणात आणत आहोत. पचनसंस्थेला डब्ल्यूआय हा वर्ग आहे. मात्र विषाणूजन्य हिपॅटायटिसचे, म्हणजे विषाणूमुळे यकृताला येणाऱ्या सुजेचे, पुस्तक संसर्गजन्य रोगांच्या डब्ल्यूसीमध्ये आणि मधुमेहाचे अंतःस्रावी ग्रंथींच्या डब्ल्यूकेमध्ये जाते. विद्यार्थी यकृताच्या कपाटापाशी येऊन काविळीचे पुस्तक मागतात आणि ते तिथे सापडत नाही. वाचकांच्या सोयीसाठी ही पुस्तके डब्ल्यूआयमध्येच ठेवली तर चालेल का?

उत्तर: आपली अडचण खरी आहे, तरीही वर्गांक, म्हणजे पुस्तकाची जागा ठरवणारे क्रमांक, बदलू नयेत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. ड्यूईमध्ये हिपॅटायटिस ६१६.३६२३ ला, यकृताच्या विकारांतच बसतो, त्यामुळे जुन्या सवयीच्या वाचकाला नवी मांडणी खटकणारच. पण त्याच ड्यूईमध्ये जठराच्या विकारांचे पुस्तक ६१६ मध्ये आणि जठरावरील शस्त्रक्रियेचे ६१७ मध्ये, अशी एकाच अवयवाची ताटातूट होते. एनएलएममध्ये जठर डब्ल्यूआय ३०० पासून, आतडी ४०० पासून, यकृत ७०० पासून, पित्ताशय ७५० ला आणि स्वादुपिंड ८०० पासून येते, आणि त्या त्या अवयवाची शस्त्रक्रियाही सहसा तिथेच राहते. शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला ही सोय फार मोलाची आहे.

आता हिपॅटायटिसकडे वळू. संसर्गजन्य रोगांना एनएलएमने डब्ल्यूसी हा स्वतंत्र वर्ग दिला आहे, आणि तिथे रोग कोणत्या अवयवाला होतो यापेक्षा तो कशाने होतो हे महत्त्वाचे मानले आहे. विषाणूजन्य हिपॅटायटिस डब्ल्यूसी ५३६ ला येतो. पटकी आणि विषमज्वर आतड्यांशी संबंधित असूनही याच वर्गात आहेत. यामागचा विचार मला पटतो, कारण अशा पुस्तकात यकृताबरोबरच ए आणि ई प्रकारांचा दूषित पाण्यातून व अन्नातून होणारा फैलाव, बी आणि सी प्रकारांचा रक्तातून होणारा फैलाव, लसीकरण आणि रक्ततपासणी यांचे विवेचन असते, आणि ते पुस्तक साथरोगांच्या अभ्यासकालाही तितकेच लागते. मधुमेहाचेही तसेच आहे: इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होत असले तरी हा अंतःस्रावी ग्रंथींचा विषय आहे, म्हणून तो डब्ल्यूके ८१० ला येतो.

खरा घोटाळा 'कावीळ' या शब्दात आहे. आपल्याकडे डोळे पिवळे झाले की कावीळ झाली असे म्हणतात, आणि हिपॅटायटिसलाही तोच शब्द वापरतात. वस्तुतः कावीळ हे लक्षण आहे आणि ते पित्तनलिकेत खडा अडकल्यानेही दिसते. म्हणून वर्गांक देताना नावावर विसंबू नये. पुस्तक हातात घेऊन प्रस्तावना आणि अनुक्रमणिका वाचावी. समजा, हिपॅटायटिस बी आणि यकृताचा कर्करोग असे दोन्ही विषय एका पुस्तकात आहेत. बहुतेक प्रकरणे विषाणू, संक्रमण आणि लस यांवर असतील तर ५३६ योग्य. गाठीचे निदान आणि शस्त्रक्रिया यांवर असतील तर डब्ल्यूआय ७३५. दोन्हींना सारखेच वजन असेल तर आधी आलेला विषय धरावा.

पुस्तक एकाच जागी उभे राहू शकते. तालिकेतील, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या सूचीतील, नोंदीवर मात्र असे बंधन नाही. एनएलएमच्याच विषयशीर्षकांच्या यादीत, जिला मेश म्हणतात, पचनसंस्थेच्या विकारांना सी०६ ही शाखा आहे. विषाणूजन्य हिपॅटायटिस सी०६ मधील यकृतविकारांखाली येतो आणि संसर्गांच्या सी०१ शाखेतही येतो. ही विषयशीर्षके प्रत्येक नोंदीला न चुकता द्यावीत, म्हणजे संगणकावर यकृताचे विकार शोधणाऱ्यालाही ते पुस्तक दिसेल. शिवाय तालिकेत 'कावीळ' या शब्दाखाली 'हिपॅटायटिस हेही पाहा' अशी नोंद करावी आणि यकृताच्या कपाटात एक लाकडी ठोकळा ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावे: 'विषाणूजन्य हिपॅटायटिस: डब्ल्यूसी ५३६'.