किराण्यातील बचत टिकवायची असेल तर

पहिल्या महिन्यात बचतीचा उत्साह प्रत्येकालाच असतो. पुढे तो ओसरतो, कारण वाचलेले पैसे इतर घरखर्चात विरून जातात आणि आपण काही मिळवले हे दिसतच नाही. म्हणून किराण्याच्या ठरलेल्या रकमेतून जे उरेल ते त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावे आणि ते कशासाठी आहे हे घरातील सर्वांना ठाऊक असावे. सगळ्याच वस्तूंवर एकदम कात्री चालवू नका; आधी तूरडाळ, तेल आणि तांदूळ यांचेच किलोमागचे भाव वहीत लिहा. नवी तूर साधारण जानेवारीपासून आणि नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो; त्या काळात शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून नागपुरातील इतवारीच्या ठोक बाजारातून माल आणला, तर ऑटोचे भाडेही वाटले जाते. मात्र वर्षभराचे धान्य भरण्यापूर्वी ते वाळवण्याची सवड आपल्याला आहे का, हे पाहावे. नागपूरचे मे महिन्यातील ऊन (तेवढा तरी त्याचा उपयोग!) या कामी येते, पण न वाळवलेल्या डाळीला पावसाळ्यात कीड लागली तर सारी बचत वाया जाते. भाजीसाठी लांबून कॉटन मार्केट गाठण्याचा अट्टहास मला पटत नाही. मुलांचा खाऊ मात्र यादीतून मुळीच काढू नये.