डुकरांच्या खुरांवर फोड आलेत, लाळ्या-खुरकूत असेल का?

कोल्हापूरजवळच्या तुमच्या डुकरांच्या खुरांच्या कडेला आणि नाकाडावर फोड आलेत, ती लंगडतायत, म्हणजे पहिला संशय लाळ्या-खुरकुताचाच. डुकरांत लाळ कमी गळते, खुरं जास्त बिघडतात. त्यामुळे लंगडण्याचा दोष चिखलाला देऊन थांबू नका. असेच फोड आणणारे दुसरेही विषाणू आहेत, फरक प्रयोगशाळेतच कळतो. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या दुसऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य तापात मात्र फोड येत नाहीत.

आजारी डुक्कर श्वासातून गाईपेक्षा कितीतरी जास्त विषाणू सोडतं, आणि आपल्याकडे शेजारी म्हशी असतातच! आजच जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या हेल्पलाइनला फोन करा, फोडाचा नमुना घ्यायला सांगा. तोवर एकही जनावर विकू किंवा हलवू नका. दाराशी पाय बुडवायला धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के द्रावण ठेवा, १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. हॉटेलचं खरकटं घालत असाल तर नीट उकळूनच.